मदत हवी आहे: घरच्या प्रार्थनेत मोठ्या मुलाला आभार मानायला सांगावं की नाही?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्याकडे रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. शेवटी प्रत्येकाने एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. धाकटी "जेवणासाठी, घरासाठी, आईबाबांसाठी, आमेन" असं एका दमात म्हणून मोकळी होते. ठीक आहे, वयच तसं. खरा पेच मोठ्याचा, तो आठवीत आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. परवा तो सरळ म्हणाला, "आजी तिकडे कण्हतेय आणि मी आभार मानू? नाटक झालं ते."

मी बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ५:१८ ("सर्व स्थितीत उपकारस्तुती करा") काढून दाखवलं. फिलिप्पैकरांना आनंदाबद्दल पत्र लिहिताना प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता, हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. (या वयात वचन पुढे केलं की लगेच पटतं, असं मूल मी तरी पाहिलेलं नाही!)

आता वाटतंय, काही दिवस स्तोत्रसंहिता (बायबलमधली प्रार्थनागीतं) वाचावी. १३ वं स्तोत्र "किती काळ?" असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच ना? ह्यांना भीती आहे, की अशी गाऱ्हाणी वाचून पोरांचा विश्वास डळमळेल. मला नेमकं उलट वाटतं.

तुमच्यापैकी कोणी विलापाची स्तोत्रं मुलांबरोबर वाचली आहेत का? कोणत्यापासून सुरुवात केली? आभारासाठी आग्रह धरावा, की काही दिवस त्याला नुसतं शेजारी बसू द्यावं? ईयोबाचं पुस्तक (नीतिमान माणसाच्या दुःखाची बायबलमधली कथा) या वयाला जड जाईल का? संडे स्कूल घेणाऱ्यांनी जरूर लिहा.