खुनाच्या खटल्यात कमिटलचा टप्पा हवाच कशाला?

सरळमार्गी: खुनाच्या खटल्यात कमिटलच्या, म्हणजे प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करण्याच्या, टप्प्यात दंडाधिकारी केवळ टपालखात्याचे काम करतात, तेव्हा दोषारोपपत्र थेट सत्र न्यायालयातच दाखल व्हावे, असे काल येथे ठासून लिहिले गेले, ते वाचून राहवले नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली दंडाधिकारी साक्षी नोंदवून प्रथमदर्शनी पुरावा तपासत असत आणि १९७३ च्या संहितेने ती चौकशी काढून टाकली, हे खरे. तथापि जबाब, पंचनामे व शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या नकला आरोपीच्या हाती पडल्याखेरीज नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३२ खाली प्रकरण आजही सुपूर्द करता येत नाही. हे टपालखाते नव्हे.

पाचोळा: ते लिहिणारा मीच. पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखाली, विशेष न्यायालय कमिटलवाचून थेट दखल घेते. तेथील आरोपी नकलांवाचून राहतात काय? खटला चालवण्यापुरताही आधार नाही, असे म्हणणारा दोषमुक्तीचा अर्जही सत्र न्यायाधीशच ऐकतात. मग आधीच्या तारखा कोणासाठी?

तालुका_वकील: नकलांचे म्हणाल, तर माझ्या एका अशिलाला मिळालेली शवविच्छेदन अहवालाची झेरॉक्स इतकी पुसट होती की जखमांच्या रकान्यातील लांबी-रुंदीचे आकडेच दिसत नव्हते, आणि सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह उघडतच नव्हता. हरकत घेतली, तर वेळकाढूपणाचा ठपका माझ्यावरच आला.

नदीकाठ: वकीलसाहेब, दुसरी बाजूही ऐका. माझ्या मामेभावाच्या खुनाच्या खटल्यात एक आरोपी जामिनावर सुटून गैरहजर राहू लागला आणि बाकीच्यांना तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळेना. पुकारा होई, रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर’ असे लिहिले जाई आणि मामी पुढची तारीख विचारून परतीची एसटी धरी. गैरहजर आरोपीचे प्रकरण वेगळे काढून उरलेल्यांचे पुढे पाठवता येते, हे आम्हाला एकाही वकिलाने सांगितले नाही.

तालुका_वकील: पोलीस पार्टी माझ्या खिशात नसते. प्रत्येक तारखेचे खापर वकिलांच्याच माथी फोडायचे असेल, तर चर्चेचे सोंग कशाला?

नदीकाठ: सोंग? आपली फी प्रत्येक तारखेला चुकती होत होती. मामीची मजुरी मात्र बुडत होती.

सरळमार्गी: दोघांनीही आवरावे. नव्या संहितेनुसार दखल घेतल्यापासून ९० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर १८० दिवसांत, हा टप्पा संपवायचा आहे.

पाचोळा: मुदत उलटल्यास काय होईल, हे त्या कलमात दाखवा; मी आनंदाने गप्प बसेन. नकला वाचता येण्याजोग्या आहेत की नाहीत, हे कोणीतरी आधी पाहिले पाहिजे, एवढे वकीलसाहेबांच्या झेरॉक्सपुरते मान्य करतो. परंतु तेवढे काम सत्र न्यायालयाला पहिल्याच तारखेला जमणार नाही, असे मानण्याचे एकही कारण आपण अजून दिलेले नाही.