मदत हवी आहे: दीड एकर शिराझ, स्वतःच्या लेबलची वाइन

पलूसजवळ (जि. सांगली) दीड एकर शिराझ, म्हणजे वाइनच्या द्राक्षाची जात, आहे. गेल्या हंगामात गोडी 23 ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) आली, तरी ऐन तोडणीला भाव पाडला. आता यंदा हजारेक लिटर वाइन करून घ्यायचा विचार आहे. बेदाणा सुचवू नका, बी असलेली जात आहे.

1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे घरी करून विकता येत नाही, हे माहीत आहे. परवान्यासाठी दोनदा चौकशी केली. कागदांची यादी मिळाली, पण ती मोठ्या कारखान्याला शोभणारी. स्वतःची टाकी, यंत्रं घ्यायची ऐपत नाही.

परवाना असलेल्या वायनरीत द्राक्षं देऊन आपल्या लेबलनं बाटल्या कुणी भरून घेतल्यात का? लेबलची नोंदणी कुणाच्या नावावर झाली? आणि शेतावर आलेल्या पाहुण्यांना विकत ग्लास द्यायला वेगळा परवाना काढावा लागला का?