ऑटोरिमूव्हच्या यादीत स्कॅनरचा प्रोग्रामही दिसतो. होकार द्यावा का?

महालचा टंकलेखक:
नमस्कार. नागपुरात महाल भागात माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटे दुकान असून तेथील जुन्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. रूट पार्टिशन (डिस्कवरचा सिस्टिमचा भाग) २० जीबीचेच असल्याने जागा कमी पडू लागली, म्हणून कधीही न वापरलेला मेलचा प्रोग्राम 'सुडो ॲप्ट-गेट रिमूव्ह इव्होल्यूशन' या कमांडने काढला. सोबत 'ग्नोम' नावाचे पॅकेजही निघेल, असे पडद्यावर आले होते. समोर गिऱ्हाईक उभे असल्याने ते न वाचताच मी वाय दाबले. डेस्कटॉप व्यवस्थित चालतो आहे. मात्र आता काहीही इन्स्टॉल करायला गेलो की कितीतरी पॅकेजेस 'आपोआप आली होती, आता लागत नाहीत' असा संदेश येतो आणि त्या यादीत रोजच्या वापरातला सिंपल-स्कॅनही असतो. अशी पॅकेजेस एकदम काढणारे ऑटोरिमूव्ह चालवावे का? आणि इव्होल्यूशन काढूनही जागा फारशी का सुटली नाही?

वर्धा रोडवरून:
आता लगेच चालवू नका. तुम्ही काढलेले 'ग्नोम' हे डेस्कटॉपचे मेटापॅकेज आहे, म्हणजे त्यात स्वतःचा प्रोग्राम जवळजवळ नसतो, फक्त इतर पॅकेजेसची नावे असतात. इतवारीत किराणा भरताना दुकानदाराच्या हाती द्यायची यादीच म्हणा ना. यादी फाडली म्हणून घरातले तांदूळ जात नाहीत, आणि म्हणूनच तुमचा डेस्कटॉप शाबूत आहे. परंतु कोणते पॅकेज तुम्ही स्वतः मागितले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आले, याची नोंद ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्राम, ठेवतो. सिंपल-स्कॅन त्या यादीमुळे आला होता. यादी गेल्यावर त्याला कोणी वाली उरला नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ.

उपाय सोपा आहे. 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल सिंपल-स्कॅन' ही कमांड द्या, म्हणजे तो तुम्ही स्वतः मागितलेला ठरेल. मग 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह --सिम्युलेट' चालवा. यात प्रत्यक्ष काहीही काढले जात नाही, फक्त काय निघेल ते दिसते. हवे असलेले नाव आढळले की त्यालाही मॅन्युअल करा आणि यादीत नको तेवढेच उरेपर्यंत हे करत राहा. त्या दिवशी नेमके काय काय निघाले, ते '/व्हार/लॉग/ॲप्ट' या फोल्डरमधील हिस्टरी लॉगमध्ये सापडेल.

धरमपेठकर:
जागेविषयी लिहितो. आपण ॲप्ट-गेट वापरता, आणि ते डाउनलोड केलेल्या पॅकेजेसच्या डेब फाइली '/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज' येथे तशाच ठेवते. नुसती 'ॲप्ट' कमांड मात्र इन्स्टॉलेशन झाल्यावर त्या आपणहून पुसते. 'सुडो ॲप्ट क्लीन' दिल्यास त्या फाइली जातील आणि इन्स्टॉल झालेल्या कशालाही धक्का लागणार नाही. माझ्या मते आपली बरीचशी जागा तेथेच अडकली असावी.

रिमूव्ह केल्यावर प्रोग्राम जातो, पण त्याच्या सिस्टिमभरच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. रिमूव्हऐवजी 'पर्ज' दिल्यास ते त्याही काढते. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत ज्या ओळीच्या आरंभी 'आरसी' दिसते, ती अशी अर्धवट निघालेली पॅकेजेस. मात्र या फाइली बहुधा अगदी लहान असतात, त्यामुळे केवळ जागेसाठी पर्जच्या मागे लागण्यात अर्थ नाही. होम फोल्डरमधील आपल्या सेटिंगला तर पर्जही हात लावत नाही.

मानेवाड्याहून:
एक पुरवणी. एवढी पॅकेजेस काढताना यूपीएस जोडलेला असू द्या. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे ऐन मध्यावर वीज गेली आणि नंतर ॲप्ट काहीच करू देईना; 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिल्यावर अपुरे राहिलेले काम पूर्ण झाले.

महालचा टंकलेखक:
सर्वांचे आभार. क्लीन केल्याबरोबर सुमारे ३ जीबी मोकळे झाले. सिंपल-स्कॅन आणि आणखी दोन पॅकेजेस मॅन्युअल करून, उरलेली यादी या वेळी दुकान बंद झाल्यावर शांतपणे वाचली आणि मगच ऑटोरिमूव्ह चालवले. आज सकाळी पहिलाच सातबारा नीट स्कॅन झाला.