मदत हवी आहे: 'रेबेका'च्या निवेदिकेबद्दल

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या 'रेबेका' या इंग्रजी कादंबरीवर (१९३८) बोलायचंय आणि एका जागी गाडं अडलंय.

निवेदिकेची भीती नेमकी कुणाची? बहुतेक जण म्हणतात, नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोची, रेबेकाची. मला ते अर्धंच पटतं. ही मुलगी आधी एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण असते, मग लग्न होऊन अचानक मँडर्लीची, म्हणजे नवऱ्याच्या भव्य वाड्याची, मालकीण. तिच्या हातून चिनी मातीची छोटी मूर्ती फुटते, तर ती तुकडे टेबलाच्या खणात आत दडवून ठेवते. स्वतःच्याच घरात! आळ येतो तो नोकरावर. शेवटी नवराही सुनावतो की हे मोलकरणीला शोभतं, मालकिणीला नाही. तिच्या साध्या आतल्या कपड्यांकडे मोलकरीण बघते तेव्हाही ती ओशाळते. रेबेका असती-नसती तरी हे झालंच असतं, असं मला वाटतं. (घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्सला हे पहिल्याच दिवशी कळतं. नवऱ्याला मात्र सांगावं लागतं.)

पण मग लेखिकेने कादंबरीभर तिला नावच न देणं कशात बसवायचं? सामाजिक वर्गात, की लग्नात? इथे माझा मुद्दा लंगडा पडतो.

कुणी या अंगाने विचार केलाय का? आणि लग्नाने वरच्या घरात गेलेली, पण तिथे पाहुणीसारखी वावरणारी मराठी कादंबरीतली नायिका सुचवा. सोशिक सून नको. जिला स्वतःचीच लाज वाटते अशी हवी. प्रसंगासकट सांगितलंत तर फार बरं होईल.