अनुभव धागा: सुरक्षा दिसते, पण असते का?

सायली:
मी रोज लोकलने जाते. आमच्या स्टेशनच्या दारात मेटल डिटेक्टरची चौकट आहे. डबा, किल्ल्या, लॅपटॉप, कशानेही ती वाजते. सगळ्यांनाच वाजते, म्हणून कुणालाच थांबवत नाहीत. शेजारी दोन हात मोकळी वाट आहे, घाईतले लोक तिथून जातात.

अशा वेळी मला २६ नोव्हेंबर २००८ आठवतो. सीएसटीवर त्या रात्री विष्णू झेंडे उद्घोषणेच्या केबिनमध्ये बसून, प्रवाशांनो बाहेर पडा, असं माइकवरून सांगत राहिले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात नुसती लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला.

तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. संस्थेचं नाव मात्र नको.

माजी सेक्रेटरी, ठाणे:
आमच्या सोसायटीत १६ कॅमेरे. केबिनमधल्या टीव्हीवर सगळे चौकोन व्यवस्थित दिसायचे. खालच्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर गेली तेव्हा फुटेज काढायला बसलो, तर शेवटचं रेकॉर्डिंग चार महिन्यांपूर्वीचं! डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, हार्ड डिस्क गेली होती. लाइव्ह चित्राला डिस्क लागत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. देखभालीच्या बिलावर सही माझीच होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता दर एक तारखेला आदल्या रात्रीचं दोन वाजताचं फुटेज उघडून बघतो.

गेटवरचा माणूस:
सायलीताई, मी दोन वर्षं एका मॉलच्या गेटवर होतो. बारा तासांची ड्यूटी, बसायला खुर्ची नाही. 'डिकी उघड, गाडीखाली आरसा फिरव, सोड', एवढंच सांगितलेलं. शोधायचं काय, हे कुणी शिकवलं नाही. मागच्या सीटवरची बॅग बघायची का, तेही नाही. एकदा डिकीत गॅस सिलिंडर दिसला म्हणून गाडी थांबवली. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. सुपरवायझर धावत आला आणि सगळ्यांसमोर मलाच ओरडला. गाडी आत गेली. त्यानंतर डिकी उघडायचो, पण आत नीट बघायचो नाही. वॉचमनवर चिडू नका. गाडी अडवली तर त्याच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं.

रात्रपाळी:
ऑफिसात चोरी झाली, म्हणून मागच्या जिन्याच्या दाराला साखळी घालून कुलूप लावलं. फायर ड्रिलच्या सकाळी ते आधीच काढून ठेवतात, सगळे भराभर खाली उतरतात, अहवाल उत्तम. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. तेव्हापासून ते कुलूप बघवत नाही. किल्ली कुणाकडे असते, असं मी लेखी विचारलं. ॲडमिनकडे, असं उत्तर आलं. ॲडमिनची माणसं सहाला घरी जातात. आमची शिफ्ट रात्री नऊला सुरू होते.