नणंदेला मुंबई दाखवायचीये, हातात एकच शनिवार आहे

बी-५०४: नमस्कार मंडळी. नागपूरहून माझी नणंद येतेय, सोबत दोन मुलं. थोरला १४चा, धाकटी ९ची. रविवारी मावससासूबाईंकडे जेवण आहे, म्हणजे फिरायला फक्त शनिवार. तिला खरेदी करायचीये, मुलांना खायचंय, आणि "मॉलमध्ये नेऊ नकोस गं वहिनी, ते आमच्याकडेही आहेत" असं तिने फोनवरच सांगितलंय. कुठे नेऊ?

ए-१०२: गेटवे, राणीची बाग, हाजी अली, जुहू. दिवसभराची गाडी ठरवून टाका.

बी-५०४: दादा, मागच्या वर्षी दीर आले तेव्हा असंच केलं होतं. निम्मा दिवस सिग्नलला गेला. रात्री ते म्हणाले, समुद्र पाहिला, पूल पाहिले, पण मुंबईतली माणसं राहतात कुठे ते काही दिसलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

डी-६०३: काळा घोडा करा की. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, शेजारी म्युझियम. थोरल्याला नक्की आवडेल.

ए-३०१: माटुंगा! सकाळी किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासमध्ये इडली-डोसा, मग फुलबाजार. गजरे असे मिळतात की घरी येईपर्यंत डबा दरवळतो.

सी-२०१ काका: सूनबाई, सगळ्यांनी सांगितलेलं चांगलंच आहे. पण एका दिवसात चार टोकं गाठू नका. एकच पट्टा घ्या आणि तो पायी करा. माझा जन्म गिरगावात मुगभाटातला, लग्नानंतर ९ वर्षांनी ठाण्याला आलो. म्हणून हक्काने सांगतो, गिरगाव ते क्रॉफर्ड मार्केट चाला. खाणं, खरेदी, देवळं, जुनी घरं, सगळं एकाच रस्त्याने लागतं.

बी-५०४: काका, नीट क्रमाने सांगा ना. कुठे उतरायचं?

सी-२०१ काका: ठाण्याहून दादर, तिथे वेस्टर्न पकडून चर्नी रोड. सकाळी नऊच्या आत पोचा. आधी खोताची वाडी. रस्त्यावरून आत वळलात की हॉर्नचा आवाज मागेच राहतो. लाकडी घरं, पुढे ओटा, बाहेरून वर जाणारा जिना, खिडक्यांना रंगीत झडपा, भिंतीत छोटा क्रूस आणि त्याला ताजा हार. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंनी ही जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना घरं बांधायला दिली, म्हणून नाव खोताची वाडी. एकेकाळी ६५ घरं होती, आता निम्मीसुद्धा नाहीत. मुलांना एवढंच सांगा की आत माणसं राहतात. ओट्यावर चढायचं नाही आणि खिडकीतून फोटो काढायचे नाहीत.

पुढे केशवजी नाईकांची चाळ. १८९३पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. एरवी चाळ नुसती चाळच दिसते, पण मधल्या चौकात मिनिटभर उभं राहा. वरच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या, कुणीतरी खाली टोपली सोडतंय. तुमच्या दिरांचं "माणसं राहतात कुठे" ते इथे दिसेल.

मग फणसवाडीत विनय हेल्थ होमला मिसळ. धाकटीला तिखट झेपणार नाही, तिला साबुदाणा वडा द्या. आणि ठाकूरद्वारला पणशीकरांकडे पियूष. चमच्याने खायचं नाही, पेला तोंडाला लावायचा.

ए-३०१: काका, वाड्यांची नावं मुलांना वाचायला लावा. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी. माझ्या मुलाने विचारलं होतं, इथे भाजी पिकायची का?

सी-२०१ काका: पिकायचीच! सगळ्या बागा आणि वाड्या होत्या. आमच्या मुगभाटातलं 'भाट'ही त्यातलंच. आता झाडं गेली आणि चाळीही चालल्यात. आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहतोय. मध्ये गेलो तेव्हा पत्र्याच्या कुंपणापलीकडे पाहिलं, विहिरीची जागासुद्धा ओळखू आली नाही. म्हणून म्हणतो, मुलांना आत्ताच दाखवा.

बी-५०४: नक्की दाखवते काका. आणि खरेदी?

बी-२०२ काकू: खरेदीचं मी सांगते. फणसवाडीतून पुढे सरळ भुलेश्वर. फुलगल्लीत आधी वेण्या आणि हार. बायका शेवंती ओवताना बघा, बोटं दिसत नाहीत, नुसता दोरा पुढे सरकताना दिसतो. मग बांगड्या, लेस, जरीचे काठ, देवाची वस्त्रं, घागऱ्याचे लटकन. एकच लेस चार दुकानांत विचारा, पाचव्या दुकानात भाव आपोआप कळतो. तिथेच पांजरापोळ आहे, भर बाजारात गाईंचं आवार. १८३४ची संस्था. धाकटीला चारा घालायला द्या, खूश होईल.

तांब्या-पितळेचं हवं असेल तर पायधुणीला तांबाकाटा. तिथे भांडं वजनावर असतं. आधी दर विचारायचा, मग काट्यावर ठेवायचं आणि आपल्या डोळ्यांनी आकडा बघायचा. मी हंडा घेतला तेव्हा दुकानदाराने आधी झाकण बाजूला काढून वजन केलं, मग झाकणाचं वेगळं. असा माणूस मिळाला की दुसरीकडे जायचंच नाही.

डी-६०३: साड्या, ड्रेस मटेरियल?

बी-२०२ काकू: मंगलदास मार्केट. आत छोटे छोटे गाळे, गादीवर बसून थान उलगडून दाखवतात. रविवारी बंद असतं, तेव्हा शनिवार धरलात ते उत्तम. आणि जाताना मुंबादेवीला ओटी भरा. जिच्यावरून मुंबईचं नाव पडलं, ती देवी बघितल्याशिवाय नणंदेला परत पाठवू नका.

ए-१०२: आम्ही मांसाहारी मंडळी, दुपारचं काय?

सी-२०१ काका: त्या भागात दुपारी शाकाहारीच बरं पडतं. काळबादेवीला ठाकर भोजनालय, १९४५पासून गुजराती थाळी वाढतायत. पण सकाळी मिसळ पोटभर झाली असेल तर थाळी अर्धी टाकावी लागेल आणि मला ते बघवत नाही. त्या दिवशी मिसळ तरी घ्या, नाहीतर थाळी. मटण-कबाब हवेत तर संध्याकाळी मोहम्मद अली रोड जवळच आहे, मिनारा मशिदीपाशी. सुलेमान उस्मानकडची 'अफलातून' नावाची मिठाई घरी बांधून आणा, मुलं दोन दिवस खातील.

शेवट क्रॉफर्ड मार्केट. आत शिरायच्या आधी मुलांना वर बघायला सांगा. दारावर शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत, लॉकवुड किपलिंग यांनी केलेली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे ते. इमारत १८६९ची. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. समोर बादशाहमध्ये फालुदा, आणि तिथून सीएसएमटी चालत. गाडी तिथूनच सुटते, तुम्हाला बसायला जागा मिळेल.

डी-६०३: कुणाचे पाय दुखले तर आता काळबादेवीला मेट्रो आहे. पुढचंच स्टेशन सीएसएमटी.

सी-४०४: मी लालबाग सुचवणार होते. मसाला गल्लीत बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडायची, खडा मसाला तिथेच भाजून डंकावर कुटून घ्यायचा. डंक खाली आदळला की पायाखालची फरशी हलते, आणि भाजलेल्या धण्याचा वास केसांत बसतो.

बी-२०२ काकू: अगं, पण ते एका दिवसात बसत नाही. एप्रिलमध्ये आपण दोघी जाऊ मसाल्याला. तेव्हा नवी मिरची असते.

सी-४०४: चालेल काकू. तारीख तुम्ही सांगा.

बी-५०४: ठरलं. गिरगाव ते क्रॉफर्ड, दुसरं काही नाही. काका, काकू, सगळं वहीत उतरवून घेतलंय.

बी-२०२ काकू: दोन कापडी पिशव्या घे आणि सुटे पैसे ठेव. मला फुलवाती आण, शंभराच्या दोन पुड्या. पैसे आल्यावर देते.

सी-२०१ काका: सूनबाई, तुमची हरकत नसेल तर ठाकूरद्वारपर्यंत मीही येतो. भुलेश्वरची गर्दी आता सोसत नाही, तिथून मी परत फिरेन. पण खोताची वाडी मुलांना मी स्वतः दाखवीन.

बी-५०४: काका, हरकत कसली! नणंदेला आत्ताच सांगितलं, ती म्हणतेय काकांना विचार, संत्रा बर्फी आणली तर चालेल का.

सी-२०१ काका: चालेल म्हणजे काय. शनिवारी साडेसातला गेटपाशी.