अनुभव धागा : घरची जुनी छोटी गाडी, तिचा पत्रा आणि आपण

चोक_ओढा

आमच्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे. पांढरी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा जुन्या पद्धतीचा भाग), चार गिअरची. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन घेतलेली. आता ते रस्त्यावर चालवत नाहीत, पण रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि वर येऊन आईला सांगतात, "एका सेल्फमध्ये घेतली." त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही.

गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी यायला लागलं. गॅरेजवाल्याने दरवाजाचं रबर बदललं, ८०० रुपये घेतले. पाणी येतच राहिलं. शेवटी मीच मॅट उचलली. खालचा नमदा (जाड कापडी थर) पिळला तर अर्धा मग पाणी निघालं! मग बायकोला पुढच्या काचेवर हळूहळू पाणी ओतायला सांगितलं आणि मी डॅशबोर्डखाली, डोकं पेडलजवळ, पाय दाराबाहेर. सोसायटीतली पोरं बघायला जमली. दहा मिनिटांनी दिसलं. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब यायचा, पत्र्याच्या सांध्यावरून आडवा चालत जायचा आणि उजवीकडे पेडलमागे पडायचा. काचेचं बीडिंग (कडेचं रबर) वाळून खडखडीत झालं होतं. ते बदललं, गळती थांबली.

पण इतकी वर्षं नमदा ओला राहिल्यावर खालच्या पत्र्याचं काय झालं असेल? खालून काळं अंडरकोटिंग (गंज रोखणारा लेप) जाड मारलेलं आहे, काही दिसत नाही. २०२७ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे. पत्र्याचं काम काढू की नको, हे ठरत नाहीये.

ज्यांनी अशा गाड्या सांभाळल्यात, दुरुस्त केल्यात किंवा कंटाळून काढून टाकल्यात, त्यांनी लिहा. आकड्यांसकट लिहा. 'थोडाफार खर्च आला' चालणार नाही.

आंबोळी

घर मालवणजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आमच्याकडे इंजिन मरत नाही, पत्रा मरतो. २००४ ची ८०० होती. काका मुंबईला जाताना ती ताडपत्रीत घट्ट बांधून गेले. चार महिन्यांनी सोडली तर आतून घामाघूम आणि छपराच्या कडेला तांबूस फोड. गाडीला वारा लागला पाहिजे. शेड असेल तर उघडी ठेवा, नुसतं छप्पर पुरे.

दुसरी गोष्ट दरवाज्यांची. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. आमच्या पेंटरने गाडी अशी काही गुळगुळीत रंगवली की ती सगळी भोकं लांबीने (पेंटरच्या पुट्टीने) बुजली. नंतर वळणावर दरवाजात पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा. आम्ही वर्षभर तो आवाज पेट्रोलच्या टाकीचा समजत होतो! डावा दरवाजा बुडातून सडला. कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा आणला, २,८०० रुपये, निळा. तो पांढरा करायला त्याहून जास्त गेले. आता दर महिन्याला खराट्याची काडी घेऊन सगळी भोकं मोकळी करतो.

चोक_ओढा, गंजावर मारलेलं काळं अंडरकोटिंग हे जखम न धुता बांधलेल्या पट्टीसारखं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला थप करतो. थप आला तिथे टोक टेकवा. आत गेलं तर गेलं.

संत्र्याची_फोड

नागपूर. आमच्या इकडे पत्र्याचं दुखणं कमी, गाडी तापण्याचं जास्त. २००१ ची ८००. मे महिन्यात सिग्नलला उभी राहिली की काटा वर. मिस्त्री म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका भाऊ, आपल्या इकडे त्याचं कामच नाही." इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी ही झडप. काढला. दोन वर्षं ऐटीत फिरलो. हिवाळ्यात इंजिन गरमच व्हायचं नाही, हे नंतर लक्षात आलं. अॅव्हरेज १७ वरून १३ वर आलं, त्याचा दोष आम्ही पेट्रोलला दिला.

खरं दुखणं वेगळंच होतं. रेडिएटरमध्ये आम्ही बोअरचं पाणी घालत होतो. खारट पाणी, क्षार बसून खालच्या अर्ध्या नळ्या बंद. गाडी गरम असताना हात जवळ नेला तर वरचा भाग चटका देतो आणि खालचा गार, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एका दुपारी वर्ध्याच्या रस्त्यावर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं. तेलाचं झाकण उघडलं तर तेलात पाणी मिसळून आत ताक. अक्षरशः ताक. हेड अॅल्युमिनियमचं, तापून वाकलेलं, त्याला फेसिंग करावं (घासून सपाट करावं) लागलं. गॅस्केट, व्हॉल्व्ह सील, नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून १४,६०० रुपये. सुरुवातीला जो थर्मोस्टॅट काढून फेकला तो साडेतीनशेचा.

पार्किंग_नाही

विकली. २२ हजाराला, २०१९ मध्ये. तीन महिन्यांनी मार्केट यार्डात दिसली, मागची सीट काढून कोथिंबिरीच्या जुड्या भरलेल्या. हात केला. तिने ओळखलं नाही.

काच फिरवायच्या हँडलचा नवा जोड आणून ठेवला होता, तो द्यायचा राहून गेला. अजून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे.

लेथवाला_शेजारी

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, ८६ ची. ८०० वाल्यांनी पार्टची रड सांगू नये, तुमचं सगळं मिळतंय. पद्मिनीच्या पार्टचा बाजार टॅक्सीवाल्यांच्या जिवावर होता. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, तेव्हा लोक फोटो काढत होते आणि आमचे वडील म्हणाले, "आता वॉशर कुठनं आणायचं?"

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्याच्या जोडातले बुश (दांडीभोवती बसणाऱ्या छोट्या कड्या) झिजले की दुसरा गिअर शोधावा लागतो, विहिरीत पडलेल्या बादलीसारखा. बाजारात मिळालेले बुश दोन महिन्यांत गेले. शेवटी जुना बुश खिशात घालून इथल्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बुश नखाने दाबून बघितला, व्हर्नियर लावला, आणि विचारलं, दांडी बघू. मी म्हटलं पितळेचा करा, जन्मभर टिकेल. ते म्हणाले, "पितळेचा बुश दांडी खाईल. नायलॉनचा करतो. झिजायचं तर स्वस्तातल्यानं झिजावं." चार बुश, ६०० रुपये. सहा वर्षं झाली.

उन्हाळ्यात आंबा घाट चढताना मात्र अजून तेच. पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देते, उतरायचं, पाण्यात भिजवलेलं फडकं फ्युएल पंपावर ठेवायचं, चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी तयार.

पाना_दहाबारा

मी नाशिकची. हात काळे करणारी बाई इथे एकटीच दिसतेय, म्हणून लिहिते.

सासऱ्यांची १९९६ ची झेन, कार्बोरेटरची. लॉकडाउनमध्ये आठ महिने उभी होती. चालू होईना म्हणून मिस्त्रीला फोन केला, त्याने दहा दिवसांनी येतो सांगितलं. मी म्हटलं, आठ महिने उभीच आहे, बिघडून बिघडून काय बिघडेल. कार्बोरेटर सोडवला. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, आणि काढलेला स्क्रू इडलीच्या साच्यात, काढला त्या क्रमाने. (साचा परत स्वयंपाकघरात गेला नाही. दुसरा घेतला.) फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या) खालच्या वाटीत वाळलेल्या मधासारखा थर होता. पेट्रोल उडून गेल्यावर मागे जे उरतं ते. पायलट जेटचं (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) भोक इतकं बारीक की डोळ्यासमोर धरून उजेड दिसतो का ते बघायचं. मला दिसत नव्हता. त्यात सुई किंवा तार कधी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. क्लीनरचा स्प्रे मारला, रात्रभर ठेवलं, सकाळी पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. उजेड दिसला. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा धूर असा की शेजारच्या काकूंनी खिडक्या लावल्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टाकीकडून येणारी नळी बोटाने दाबली तर चिकट लागली आणि बोट काळं झालं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या बदलल्या, इंजेक्शनच्या गाड्यांसाठीची जाड नळी मागून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल महिनोन्महिने तसंच ठेवू नका.

आणि चोक_ओढा, बाबांना सांगा, रोज पाच मिनिटं चालू ठेवण्याने गाडीचं भलं होत नाही. बॅटरी नीट चार्ज होत नाही, आणि सायलेन्सरमध्ये तयार झालेलं पाणी गरम होऊन उडायच्या आत इंजिन बंद. सायलेन्सर आतून सडतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवा.

फॉर्म_पंचवीस

नोंदणीबद्दल, कारण दर वेळी कुणीतरी घाबरवतं. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली आणि आसपासचा. आपल्याकडे खासगी गाडीचं पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज), गाडी प्रत्यक्ष दाखवायची. फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली. तेवढे धरून चला. नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही आधीच लावून घ्या.

माझं काम चासी नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळखक्रमांकावर) अडलं होतं. गंजाने दोन आकडे वाचता येईनात. जाण्याआधी नंबर हलक्या हाताने पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेऊन बघा. पॉलिश पेपर मारू नका, खाडाखोड केल्यासारखं दिसतं आणि मग खुलासे देत बसावं लागतं. मी बसलो.

बर्फातला_बटाटा

इंग्लंडमधून. २००१ ची निस्सान मायक्रा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे आमचं सगळंच मालवण. दरवर्षी एमओटी तपासणी असते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलंय त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला सापडला की गाडी नापास. वर लांबी भरून रंग मारला तर तपासणारा ठोकून बघतो, आंबोळींनी सांगितलं तसंच. दरवाजाखालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी कापून नवीन वेल्ड केल्या, ४८० पौंड. गाडीची किंमत त्याहून कमी होती. बायकोला आकडा सांगितलेला नाही.

सीटबेल्ट_लावा

विरस वाटेल, पण लिहितो. सगळं कौतुक मान्य. माझ्याकडेही २००९ ची ८०० आहे, त्यानंतर वर्षभरात मुंबई-पुण्यात तिची विक्री थांबली. तिला एअरबॅग नाही, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि आजूबाजूला दीड-दोन टनांच्या गाड्या. मी ती शहरात चालवतो, दूध-भाजी-दवाखाना. मुलीला घेऊन एक्सप्रेसवेवर किंवा समृद्धीवर कधीही नाही. पत्रा कुजलेला असेल तर बिलकूल नाही. सीटबेल्टचा बोल्ट त्याच पत्र्यात असतो. इंजिनावर पैसे घालायच्या आधी ब्रेक, टायर आणि पत्रा.

पार्टबद्दल एक. ऑम्नीचं इंजिन तेच ७९६ सीसीचं आणि ती २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे जुन्या ८०० च्या इंजिनाचं सामान पुण्यात नाना पेठेत सहज मिळतं. मिळत नाही ते प्लॅस्टिक. डॅशबोर्डच्या जाळ्या, दरवाजाचे आतले खटके, हँडल. दिसेल तिथे घेऊन ठेवा.

चोक_ओढा

सगळ्यांचे आभार. शनिवारी गाडी रॅम्पवर चढवली आणि आंबोळींच्या पद्धतीने ठोकली. उजवीकडे पेडलखाली थप, थप, थप. स्क्रूड्रायव्हर टेकवला, नीट जोरही लावला नव्हता, मुठीपर्यंत आत गेला. वरून मॅट उचलली तर टोक आत दिसलं. सीटबेल्टचा बोल्ट मात्र चांगल्या पत्र्यात आहे, चारही बाजूंनी टणकन वाजला.

पत्र्याच्या मिस्त्रीने दोन पॅच, आतून प्रायमर, बाहेरून सिलंट आणि अंडरकोटिंग मिळून ९,५०० सांगितले. पॅच बसवायच्या आधी सडलेला भाग कापून मला दाखवायचा, या अटीवर दिली. इंजिन त्याने ऐकलं आणि म्हणाला, याला हात लावू नका.

बाबांना सायलेन्सरचं सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "हडपसर मंडई किती किलोमीटर?" गाडी परत आली की रविवारी मी चालवणार, ते शेजारी बसणार, असं ठरलंय.

एकच राहिलं. मागच्या डाव्या काचेचं हँडल तुटलंय, नाना पेठेत चार दुकानं फिरलो, काळं मिळतं, राखाडी मिळत नाही. कुणाकडे असेल तर कळवा.

पार्किंग_नाही

राखाडीच आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.